शॅटर्ड पिक्सेल डंजन ३.०: काही महिन्यांच्या अपडाऊननंतर

मोबाइल गेमचा मोठा अपडेट आला की बहुधा त्यात आणखी एक दुकान उघडलेलं असतं: नवे पोशाख, नवी नाणी, मधेमधे जाहिराती. शॅटर्ड पिक्सेल डंजनची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तिच्यात मुख्य गोष्ट एकच होती, क्लेरिक नावाचा नवा नायक. अँड्रॉइडवर गेम फुकट आहे आणि जाहिरात एकही नाही. आयफोनवाल्यांना मात्र पैसे मोजावे लागतात.

मी बडोदा ते अंकलेश्वर रोज अपडाऊन करतो. करजणच्या पुढे नेटचा भरवसा नाही, म्हणून गेम नेटशिवाय चालला पाहिजे ही माझी पहिली अट. दुसरी, तो कधीही खिशात टाकता आला पाहिजे. इथे आपण पाऊल टाकल्याशिवाय राक्षसही पाऊल टाकत नाही. टीसी आला, पास दाखवला, कुणाला तरी जागा करून दिली, तोवर डाव होता तिथेच उभा.

गेम म्हणजे एका तळघरात मजल्यामागून मजला खाली उतरत जाणं, आणि ते तळघर २६ मजल्यांचं. आधी गटारं, मग तुरुंग, गुहा, बुटक्यांचं शहर आणि शेवटी राक्षसांची दालनं. दर पाचव्या मजल्यावर एक दांडगा शत्रू. मेलात की पुन्हा पहिल्या मजल्यावरून, आणि नकाशा नवा. औषधांचे रंगसुद्धा प्रत्येक डावात बदलतात. काल ज्या लाल बाटलीने जखमा भरल्या, तीच आज प्यालात तर अंगाला आग लागेल.

आता क्लेरिक. त्याच्याकडे एक सोटा आणि एक पोथी. पोथीतल्या मंत्राने शत्रूवर लांबूनच प्रकाश टाकायचा, की त्यानंतरचा सोट्याचा घाव चुकत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खेळण्याची तऱ्हाच बदलते. वॉरियर हा दुसरा नायक घेतला की मी दार उघडून सरळ आत घुसतो. क्लेरिकच्या पोथीची शक्ती खर्च झाली की सावकाश भरते, त्यामुळे समोरचा उंदीर मंत्राच्या लायकीचा आहे की नुसत्या सोट्याच्या, हे प्रत्येक दारात ठरवावं लागतं. दहाव्या मजल्यावरच्या तेंगूला हरवलं की प्रीस्ट व्हायचं की पॅलाडिन, ते निवडायचं. प्रीस्ट लांबून मंत्र मारणारा, पॅलाडिन शस्त्र आणि चिलखत मंत्रून अंगावर जाणारा. मला पॅलाडिन जास्त भावला. दिवसभर काम करून परतताना कुणाला एवढा हिशेब हवाय?

खटकतं ते हे की पुढे मंत्र वाढत जातात आणि लहान स्क्रीनवर ती यादी बोटाला जड जाते. २०२३ च्या २.० मध्ये आलेली ड्युएलिस्ट ही नायिका या बाबतीत सुटसुटीत आहे: हातातल्या शस्त्राची एक खास खेळी, बस्स. शिवाय सगळं वाचून समजून घ्यावं लागतं, आणि मी ते इंग्रजीतच वाचतो. या गेमची भाषांतरं खेळणारेच हौसेने करतात. मराठीसाठी कुणी बसलं तर मी चहा पाजायला तयार आहे.

दांडिया बाजारातला माझा भाचा यात माझ्या फार पुढे आहे. पाचव्या मजल्यावर गू नावाचा काळा गोळा भेटतो, तो पाण्यात उभा राहिला की त्याच्या जखमा भरतात. "मामा, त्याला आधी कोरड्यात आण. आणि फुगायला लागला की लांब पळ." हे दोन नियम पाळले की गटारांचा भाग पार पडतो.

मूळ पिक्सेल डंजन वाताबू या नावाने काम करणाऱ्याचा. त्याने कोड खुला केला आणि २०१४ मध्ये इव्हान डेबेनहॅमने त्यावरून हा गेम सुरू केला. तेव्हापासून तो त्याच एका गेमवर काम करतोय. याचाही कोड खुला आहे.

नव्याने घेणाऱ्याने वॉरियरपासून सुरुवात करावी. वस्तूंचं बळ वाढवणाऱ्या अपग्रेडच्या गुंडाळ्या दर पाच मजल्यांत तीनच हमखास मिळतात, त्या पाच वस्तूंवर उधळू नका. क्लेरिक असेल तर माझं मत चिलखताला.