वेंगुर्ल्याचा काजू घेतला, पण बी कुठली?

गेल्या मे महिन्यात मावशीकडे वेंगुर्ल्याला गेलो असताना, गावाबाहेरच्या एका काजू कारखान्याच्या विक्री दालनातून मी तीन प्रकारचा काजू घेतला. अर्धा किलो डब्ल्यू २४०, अर्धा किलो खारवलेला सालीचा आणि उसळीत घालायला पाव किलो पाकळी. एका पौंडात साधारण २४० पर्यंत अख्खे गर भरतात, म्हणून तो दर्जा डब्ल्यू २४०. आकडा जितका लहान, तितका गर मोठा. मुंबईत आमच्या वाण्याकडे मिळणाऱ्या त्याच दर्जाच्या पाकिटापेक्षा हा काजू किलोमागे सुमारे दोनशे रुपयांनी महाग पडला, आणि तरीही पैसे वाया गेले असे मला वाटले नाही.

सालीचा काजू या दालनाची खरी ओळख म्हणायला हवी. साल करपलेली नव्हती, बोटांनी चोळताच सुटत होती, मीठ आतपर्यंत मुरलेले होते, आणि दाताखाली गर आधी कुरकुरीत लागून मग दुधाळ गोडीने विरघळत होता. पाकळीत तुकडा व चुरा फार कमी निघाला. डब्ल्यू २४० मात्र चवीला एकसारखा नव्हता. काही गर भरदार आणि गोड होते, तर काही दिसायला तितकेच पांढरे असूनही कोरडे व सपक लागले. हे का, असे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मालकांनाच विचारले.

त्यांनी काहीही न लपवता मला आत नेले. उकडून वाळवलेली बी पायाच्या दाबाने चालणाऱ्या कटरवर एकेक करून फोडली जात होती. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते म्हणून फोडणाऱ्या बायांनी हातांना खोबरेल तेल चोपडले होते. पलीकडे लहान चाकूने साल काढणे चालले होते. कोपऱ्यात दोन ढीग होते. एका ढिगाकडे बोट दाखवून एक काकी म्हणाल्या, "हेचो वास घेवन बघा, मगे सांगा." तो गावठी बीचा ढीग होता, दुसरा आफ्रिकेतून आलेल्या बीचा. स्थानिक बी फेब्रुवारी अखेरपासून पावसाच्या तोंडापर्यंतच मिळते आणि एक किलो गरासाठी साधारण चार किलो बी लागते. त्यामुळे बाहेरची बी आणली नाही तर वर्षातील निम्मे महिने या बायांना काम देता येणार नाही, असे मालकांनी सांगितले. मला ते पटले.

देशी उद्योगाचे संरक्षण म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न काजूइतका उघडपणे क्वचितच दिसत असेल. कच्च्या बीवरील आयात शुल्क २०१८ मध्ये ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणले गेले. त्याचा फायदा कारखान्यांना झाला. २०१९ मध्ये सोललेल्या गरावरील शुल्क ४५ वरून ७० टक्के झाले, आणि त्याच वर्षी तुकड्यासाठी किलोला ६८० व अख्ख्या गरासाठी ७२० रुपये अशी किमान आयात किंमत ठरली. तोही आधार कारखान्यांनाच. व्हिएतनाम हा या धंद्यातला मोठा स्पर्धक, पण तो स्वतःसुद्धा बहुतांश बी आफ्रिकेतून आणि कंबोडियातून आणतो. म्हणून भारत आणि व्हिएतनामसह आग्नेय आशियातील देश यांच्यात २०१० पासून लागू असलेल्या आसियान व्यापार करारातील मूळ देशाच्या, म्हणजे माल नेमका कोणत्या देशाचा मानायचा याच्या, नियमाला महत्त्व आहे. कच्चा माल तिसऱ्या देशाचा असेल, तर सर्वसाधारण नियमानुसार किमान ३५ टक्के मूल्य करारातील देशांत निर्माण झाले पाहिजे आणि प्रक्रियेनंतर मालाचे शुल्क-वर्गीकरणही बदलले पाहिजे, तरच आयात शुल्कात सवलत मागता येते. बी फोडली की वर्गीकरण बदलते. मूल्याची अट मात्र कागदपत्रे बारकाईने तपासल्याशिवाय कळत नाही.

या सगळ्यात माझी मावशी कुठे बसते? तिच्या बागेत वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमे आहेत. तिची बी बाजारात येते तेव्हा गोदामात आयात बी आधीच पडलेली असते, आणि दर तिथेच बसतो. २०२४ च्या हंगामात तर दर इतके घसरले की राज्य सरकारला किलोमागे १० रुपये अनुदान द्यावे लागले. बीवर वर्षभर जबर शुल्क लावले तर सोलणाऱ्या बायांचे हात रिकामे राहतील, म्हणून ते मला मान्य नाही. मात्र मार्च ते मे या तीन महिन्यांत बीवरील शुल्क वाढवून पावसाळ्यात ते पुन्हा उतरवले, तर बागायतदार आणि कारखाना दोघेही तगतील असे मला मनापासून वाटते.

दालनाबद्दल माझी तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. फलकावर आणि पाकिटावर ठळक अक्षरांत "अस्सल वेंगुर्ला" लिहिले आहे, आणि बी कुठली याचा उल्लेख कुठेही नाही. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. ज्या नावासाठी गिऱ्हाईक दोनशे रुपये जास्त मोजते, ते नाव मिसळीच्या मालावर छापणे बागायतदारावर अन्याय करणारे आहे. मालकांनी मला तोंडी जे सांगितले तेच पाकिटावर छापावे, आणि गावठी बीचा गर वेगळा भरून त्याचा दर वेगळा ठेवावा. त्यासाठी दिल्लीतल्या कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.

तिथे जाणाऱ्यांनी सालीचा काजू आणि पाकळी निःशंक घ्यावी. डब्ल्यू २४० घ्यायचा असेल तर एप्रिल-मे मध्ये जावे आणि "गावठी बीचाच द्या" असे स्पष्ट सांगावे. मी तसे सांगून आणखी एक किलो घेतला, आणि त्या पाकिटात एकही सपक गर निघाला नाही.