पत्र्याचा माणूस सोलापुरात गंजला नसता

मे महिन्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या नऊ वर्षांच्या नातीला सोलापुरात दुपारी घराबाहेर सोडता येत नाही. पारा ४३ अंशांच्या आसपास असतो आणि पंखा गरम हवाच फिरवतो. अशा कोंडलेल्या दुपारींसाठी मी यंदा लायमन फ्रँक बॉम यांच्या ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ या कादंबरीची प्रत विकत घेतली. हे पुस्तक १९०० साली शिकागोत प्रथम प्रसिद्ध झाले. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि तोच मराठीत सांगायचा, अशा रीतीने त्याची २४ प्रकरणे आम्हाला जवळजवळ तीन आठवडे पुरली. सव्वाशे वर्षे जुने परदेशी पुस्तक आजच्या मुलीला कितपत रुचेल, अशी मला शंका होती. परंतु पहिल्याच दुपारी ती मावळली, आणि त्याचे श्रेय पुस्तकातल्या जादूला नसून त्यातल्या दुष्काळाला आहे.

कादंबरीची नायिका डोरोथी ही लहान मुलगी अमेरिकेतल्या ज्या कॅन्ससमध्ये काका-काकूंजवळ राहते, तिथे चारही दिशांना क्षितिजापर्यंत सपाट माळ आहे, झाड नाही की दुसरे घर नाही. नांगरलेली जमीन उन्हाने भाजून करडी झाली आहे आणि तिला बारीक भेगा पडल्या आहेत; गवताचे शेंडे करपले आहेत; घराला कधीकाळी दिलेला रंग उन्हाने पोपडे धरून उडाला आहे. एम काकू लग्न होऊन आली तेव्हा तरुण आणि देखणी होती, पण ऊन-वाऱ्याने तिच्या डोळ्यांतली चमक आणि गालांवरची लाली नेली, असे बॉम सरळ सांगून टाकतात, आणि हेन्री काका कधीच हसत नाही हेही. परीकथेची अशी सुरुवात करायला धाडस लागते. बॉम यांना हा माळ ऐकून माहीत नव्हता. १८८८ मध्ये त्यांनी डाकोटातील ॲबर्डीन गावी खेळणी आणि चैनीच्या वस्तूंचे दुकान काढले होते. दुष्काळाने शेतकऱ्यांचे हात रिकामे झाले, उधारी थकली आणि दुकान बुडाले. पावसाने दडी मारलेल्या वर्षी मंगळवेढ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे काळे रान ज्याने पाहिले आहे, त्याला ही पाने समजावून सांगावी लागत नाहीत. नातीने एवढेच विचारले, “आजोबा, हे आपल्याकडचंच आहे ना?”

पुढे वावटळ येते आणि डोरोथीला घरासकट उचलून झरे, फुले आणि फळांनी लगडलेल्या ऑझच्या प्रदेशात नेऊन ठेवते. तिथून पुढची संपूर्ण कादंबरी ही मुलगी एकच गोष्ट मागते, ती म्हणजे त्या करड्या माळावर परत जाणे. वाटेत तिचा सोबती झालेल्या बोलक्या बुजगावण्याला हे कळत नाही. इतका सुंदर देश सोडून कुणी रुक्ष जागी का जावे, असे ते विचारते. आपले घर कितीही उदास असले तरी हाडामांसाच्या माणसांना तिथेच राहावेसे वाटते, असे डोरोथी उत्तर देते. त्यावर बुजगावणे म्हणते की, तुमच्या डोक्यात माझ्यासारखा पेंढा असता तर तुम्ही सगळेच सुंदर जागी राहायला गेला असता आणि कॅन्ससमध्ये कुणी उरलेच नसते. तुम्हाला मेंदू आहे हे कॅन्ससचे भाग्य. आमच्या गल्लीतल्या घराघरांतली मुले हिंजवडीला नोकरीला आहेत आणि मागे राहिलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना “आता इकडेच या” हे वाक्य दर रविवारी फोनवर ऐकावे लागते. त्यामुळे या संवादाला मी जरा जास्तच मोठ्याने हसलो असेन. नातीला तो विनोद कळला, पण तिने आपल्या बाबांची बाजू घेतली.

या कादंबरीतली जादू घरगुती वस्तूंची आहे, आणि मुलांना ती खरी वाटते त्याचे कारण मला यातच दिसते. डोरोथीचा दुसरा सोबती, पत्र्याचा लाकूडतोड्या, जंगलात काम करताना पावसात सापडतो, त्याचे सांधे गंजतात आणि वर्षाहून अधिक काळ तो कुऱ्हाड उगारलेल्या अवस्थेत कण्हत उभा राहतो. त्याला सोडवायला मंत्र लागत नाही, त्याच्या खोपटातली तेलाची कुपी लागते. आधी मान, मग हात, मग पाय. पुढच्या प्रवासात ही कुपी बरोबर घ्यायला कुणी विसरत नाही. माझ्या लहानपणी वडिलांचे दोन यंत्रमाग होते आणि त्यांच्या तेलपाण्याची जबाबदारी आम्हा भावंडांवर असे, म्हणून हे प्रकरण मी नातीला वाचून दाखवण्यापेक्षा करूनच दाखवले. लाकूडतोड्या मुळात माणूस होता. चेटकिणीने मंतरलेल्या कुऱ्हाडीने त्याचा एकेक अवयव तुटत गेला आणि पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने तो बदलून दिला. वडिलांच्या एका मागाचा जवळजवळ प्रत्येक भाग असाच बदलला होता, तरी घरात त्याला शेवटपर्यंत ‘जुना माग’ म्हणत. नातीचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. “तो सोलापुरात राहिला असता तर गंजलाच नसता,” असे तिने जाहीर केले.

डोरोथी आणि तिचे सोबती ज्या जादूगाराकडे मदत मागायला जातात, त्याच्या पाचूनगरीची प्रकरणे तर कापडाच्या गावातल्या वाचकासाठीच लिहिली आहेत असे वाटावे. वेशीवर प्रत्येकाच्या डोळ्यांना हिरवा चष्मा लावून तो किल्लीने कुलूपबंद केला जातो. नगरीच्या झळाळीने डोळे दिपू नयेत म्हणून, असे सांगितले जाते. डोरोथीला तिथे हिरवा रेशमी झगा मिळतो. नगरीबाहेर पडून चष्मा उतरल्यावर पाहते तो झगा पांढराशुभ्र, आणि टोटो कुत्र्याच्या गळ्यातली फीतही तशीच. बॉम तिथे थांबून काही स्पष्टीकरण देत नाहीत. खुलासा बऱ्याच पानांनंतर, जादूगाराचे बिंग फुटल्यावर येतो. मधल्या काळात नातीने स्वतःच शोध लावला की “रंग कच्चा होता”. चादरीच्या रंगाची पारख करणाऱ्या घरातली मुलगी दुसरे काय म्हणणार? बॉम शिकागोत दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याच्या कलेवर मासिक चालवत होते, हे कळल्यावर हा हिरवा चष्मा कुठून आला असावा याचा अंदाज बांधता येतो.

जादूगाराकडे बुजगावणे बुद्धी, लाकूडतोड्या हृदय आणि तिसरा सोबती, भित्रा सिंह, धैर्य मागतो, पण ते त्यांच्याजवळ आधीपासूनच असते, हा मुद्दा इतक्यांनी मांडला आहे की त्यावर वेळ घालवत नाही. तो नऊ वर्षांच्या मुलीलाही खंदक ओलांडण्याच्या प्रसंगातच कळला होता.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रस्तावनेत बॉम म्हणतात की या कथेत नवल आणि आनंद ठेवला आहे, दुःख आणि भीतिदायक स्वप्ने वगळली आहेत. प्रत्यक्षात लाकूडतोड्या ४० लांडग्यांची मुंडकी उडवतो आणि बुजगावणे ४० कावळ्यांच्या माना पिरगाळते. सहा वर्षांखालच्या मुलांसमोर ही पाने सांभाळूनच वाचावीत. जादूगार फुग्यातून निघून गेल्यावर कथेची वीण सैल होते आणि दक्षिणेकडचा प्रवास एकामागून एक अडथळे ओवल्यासारखा वाटतो. त्यातले चिनी मातीच्या माणसांचे छोटेसे प्रकरण मात्र नितांतसुंदर आहे. मी आधी घेतलेल्या स्वस्त संक्षिप्त प्रतीत नेमके तेच गाळलेले होते आणि मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्दही नव्हता. दुकानदाराने ती परत घ्यायला नकार दिला. पुस्तकावर आता कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नसल्याने अशा प्रती भरपूर निघतात. विकत घेण्याआधी २४ प्रकरणे मोजावीत आणि डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची मूळ चित्रे आहेत का ते पाहावे. पहिल्या आवृत्तीत प्रदेश बदलला की चित्रांचा रंगही बदलत असे. माझ्या दुसऱ्या प्रतीतही ती काळी-पांढरीच आहेत, ही हळहळ राहिली.

मोठ्यांना माहीत असावी अशी आणखी एक गोष्ट आहे. ॲबर्डीनमध्ये वृत्तपत्र चालवत असताना बॉम यांनी १८९० आणि १८९१ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांचा निःपात करावा असे अग्रलेख लिहिले होते. त्यांच्या वंशजांनी २००६ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. कादंबरीत तो विखार मला कुठे दिसला नाही, पण इतक्या मायेने लिहिणाऱ्या हातातून ते अग्रलेख उतरले, हे कळल्यावर लेखकाविषयीचा माझा आदर पूर्वीसारखा राहिला नाही.

१९३९ चा चित्रपट आम्ही मुद्दाम नंतर पाहिला. त्यात डोरोथीच्या पायातले जादूचे चांदीचे बूट माणकांचे होतात, हे पडद्यावर शोभते म्हणून चालून जाते. परंतु सगळा प्रवास डोरोथीचे स्वप्न ठरवला आहे, हे नातीला अजिबात पटले नाही. तिच्याजवळ पुरावा होता. पुस्तकाच्या शेवटी डोरोथी कॅन्ससच्या माळावर येऊन पडते, तेव्हा तिला समोर नवे घर दिसते, कारण जुने वावटळीने नेल्यामुळे हेन्री काकाने ते बांधलेले असते. शेवटचे प्रकरण पानभरही नाही. एम काकू कोबीला पाणी घालायला बाहेर येते, मुलीला पाहते आणि तिला मिठीत घेते. मी पुस्तक मिटले. आमच्या नळाला त्या दिवशी चार दिवसांनी पाणी आले होते आणि नातीने सकाळीच आजीबरोबर पिंप भरून घेतले होते. चेटकिणी, फुगा, चांदीचे बूट यांपैकी कशाबद्दलही तिने शंका काढली नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “पण कोबीला घालायला त्यांच्याकडे पाणी कुठून आलं?”