मत्स्यसुरक्षित पंपाची चाचणी: नेदरलँड्समधील एका सेवेचे परीक्षण

पंपांच्या कारखान्यातील चाचण्या मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. विसर्ग, हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते), कार्यक्षमता आणि कंपन यांचे आकडे जुळले की कागदावर सही होते. नेदरलँड्समध्ये पोल्डरच्या (बांध घालून पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या) उपसा केंद्रासाठी पंप द्यायचा असेल, तर मात्र पंपातून गेलेले किती मासे जगले, हेही आता अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर मोजून देणाऱ्या एका चाचणी-सेवेचे काम मी गेल्या शरद ऋतूत ग्राहकाच्या बाजूने जवळून पाहिले.

हा प्रश्न मुख्यतः वाम माशामुळे ऐरणीवर आला. युरोपीय वाम २००८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे प्रौढ वाम समुद्रात परतले असते त्यांपैकी वजनाने निदान ४० टक्के परतावेत, असे युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमाचे उद्दिष्ट आहे. हा मासा अंडी घालायला अटलांटिकमधील सारगासो समुद्राकडे निघतो तो शरदातल्या पावसाळी, काळोख्या रात्री. नेमक्या त्याच रात्री पोल्डरमध्ये पाणी साचते आणि पंप पूर्ण वेगाने चालू होतात. समुद्राची वाट पंपातूनच जाते.

पंपात नेमके काय होते, हे समजण्यासाठी साधे गणित पुरते. ०.८ मीटर व्यासाचा, चार पात्यांचा अक्षीय (पाणी अक्षाच्या दिशेने ढकलणारा) पंप मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर होतो आणि एका जागेवरून सेकंदाला २० पाती जातात. पाणी २.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने आत येत असेल, तर दोन पात्यांच्या मधल्या अवधीत ते जेमतेम साडेबारा सेंटीमीटर सरकते. सत्तर सेंटीमीटरचा वाम मासा सरळ येत असेल, तर त्याला पाते लागणारच. दोन पाती आणि २०० फेरे असे केले की हेच अंतर साडेसदतीस सेंटीमीटर होते, टोकाचा वेगही साडेआठ मीटरच्या आत येतो. पात्याची पुढची कड जाड आणि गोलाकार असेल, तर लागलेला मारही सौम्य होतो. याशिवाय पाते आणि केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच) यांच्या फटीत चिमटणे आणि दाब एकदम उतरून वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) फुटणे ही दोन कारणे उरतात. पर्चसारख्या बंद वाताशयाच्या माशाला दाबाचा फटका अधिक बसतो.

या सेवेची पद्धत मला पटली. मासे पंपाच्या मुखाशी नळीतून सोडले जातात, पलीकडे जाळ्यात धरले जातात आणि नंतर काही दिवस टाकीत ठेवले जातात, कारण कणा मोडलेला वाम वरून धडधाकट दिसू शकतो. तपासणारी तंत्रज्ञ प्रत्येक वाम ओल्या हातमोज्यावर घेऊन अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूच फिरवत होती; एकाच्या अंगावर बोटभर रुंदीचा फिकट पट्टा होता, आणि तो फटीत चिमटल्याचे तिने खुणेवरूनच ओळखले. सोबत अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेला ‘सेन्सर फिश’ही सोडला गेला. सुमारे ९ सेंटीमीटर लांबीची, ४२ ग्रॅमची ही नळकांडी दाब, त्वरण आणि फिरकी सेकंदाला २,०४८ वेळा नोंदवते, त्यामुळे धक्का इंपेलरचा (फिरत्या पात्यांच्या चाकाचा) बसला की पुढच्या स्थिर पात्यांचा, हे आलेखावर दिसते. पण नळकांडी वाकत नाही, पोहत नाही आणि मरतही नाही. जिवंत माशाच्या चाचणीला ती पूरक आहे, पर्याय नाही. (प्राण्यांवरील प्रयोगांच्या डच कायद्याची परवानगी काढण्यात वेळ जातो, म्हणून नळकांडीच पुरेशी मानण्याचा मोह अनेकांना होतो.)

आता तक्रारी. पंपातून न जाता फक्त जाळ्यातून गेलेल्या नियंत्रण गटातील काही रोच मासे खवले सोलवटून मेले. जाळ्याची वीण त्यांच्यासाठी फार खरखरीत होती. नियंत्रण गटातील ९२ टक्के आणि पंपातील ८८ टक्के जगले, तर पंपाच्या वाट्याचे जगण्याचे प्रमाण सुमारे ९६ टक्के निघते, हे सूत्र सर्वमान्य आहे. परंतु नियंत्रण गटच डळमळीत असेल, तर त्या भागाकारावर विसंबणे कठीण जाते. दुसरे असे की, अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘मत्स्यसुरक्षित’ हा शब्द ठळक होता आणि पंपाचा वेग, विसर्ग व माशांची लांबी मात्र परिशिष्टात होती. याच पंपाचा वेग व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या विद्युत उपकरणाने) बदलला, तर निकाल बदलतो. वेग कमी केल्यास मार सौम्य होतो हे खरे, पण हेड तेवढेच राहिल्याने पंप आपल्या आखीव बिंदूपासून ढळतो आणि प्रवाह पात्यावर वेडावाकडा येतो. शिवाय १०० पैकी एकही मासा मेला नाही, तरी मृत्यूचे खरे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकते, हे संख्याशास्त्र अहवालात एका ओळीत तरी यायला हवे होते.

नेदरलँड्सने २०२० मध्ये एनईएन ८७७५ हे मानक आणले ते अशा चाचण्या एकाच पद्धतीने व्हाव्यात म्हणूनच, आणि सेवा निवडताना त्यानुसार काम होणार का, हे आधी लेखी घ्यावे. आमच्या आक्षेपानंतर सेवेने पहिले पान बदलले आणि रोचची फेरचाचणी बिनगाठीच्या जाळ्याने, स्वतःच्या खर्चाने करण्याचे मान्य केले. तोपर्यंत निविदेतील मासे जगण्याच्या प्रमाणाचा रकाना आम्ही फक्त वाम माशापुरता, आणि एकाच वेगासाठी, भरून दिला आहे.