शक्तिमान : रोज एकच भाग

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आणि भाची मुंबईहून कोकणातल्या आचरा गावी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ‘शक्तिमान’ ही मालिका त्यांच्याबरोबर पहिल्यापासून पाहायचे मी ठरवले. तिचे भाग आता यूट्यूबवर विनामूल्य मिळतात. दुपारची जेवणे आटोपली की मोबाईल माजघरातल्या टीव्हीला जोडायचा आणि एकच भाग पाहून तो बंद करायचा, असा नेम आम्ही एक दिवस वगळता महिनाभर पाळला. हे परीक्षण त्या महिन्याच्या अनुभवावरून लिहीत आहे.

ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली. त्यानंतर चारच महिन्यांनी, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आमच्या पिढीच्या आठवणीत या दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटून आहेत, कारण रेल्वेने येणारी चाकरमान्यांची मुले आमचे चुकलेले भाग सांगत आणि आम्ही ते भाकरीचा तुकडा हातातच ठेवून ऐकत असू. भाग चुकण्याला कारणेही भरपूर होती. वीज जाई, वाऱ्याने अँटेना फिरे, मग एकाने फणसाशेजारच्या खांबाला धरून ती वळवायची आणि दुसऱ्याने खळ्यातून ‘आता दिसता!’ असे ओरडायचे. पुढे रविवारी दुपारी बाराची वेळ पक्की झाली, आणि आमच्या घरी रविवारच्या बांगड्याच्या तिखल्याला फोडणी पडण्याची वेळही तीच होती. तिरफळाचा वास आला की मला आजही ते शीर्षकगीत ऐकू येते.

आता मालिकेविषयी. दृश्यपरिणाम आजच्या मानाने साधे आहेत. उडणाऱ्या नायकाच्या कडा पार्श्वभूमीपासून सुटलेल्या दिसतात, आणि भाच्याने ते पहिल्याच दिवशी ओळखले. कथाही सावकाश सरकते. तरीही मुलांनी ती सोडली नाही, आणि त्याचे कारण मला नायकाच्या घडणीत सापडते. परदेशी महानायकांपैकी एकाला कोळी चावतो, दुसरा परग्रहावरूनच सामर्थ्य घेऊन येतो. शक्तिमानाला मात्र सामर्थ्य साधनेतून मिळते. गुरूंच्या मार्गदर्शनाखाली योगाभ्यास, कुंडलिनीची जागृती, चक्रे आणि पंचमहाभूते या पायऱ्यांनी तो घडतो. परग्रहावर जन्म घेणे कोणत्याही मुलाच्या हातात नसते, पण पहाटे उठून मांडी घालून बसणे असते. चौथ्या दिवशी भाचीने मला विचारले, ‘मामा, मी रोज योग केला तर मलाही जमेल?’ महानायकाची इतर कोणतीही गोष्ट पाहताना तिने हा प्रश्न विचारला नव्हता.

याच जवळीकीत धोकाही होता, आणि परीक्षणात तो सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. एक बोट वर करून गरगर फिरणे ही नक्कल त्या काळी गावोगावच्या अंगणांत चाले. आमच्या खळ्यातही आम्ही घेरी येऊन पडेपर्यंत फिरत असू. मुलांनी उडण्याची किंवा साहसाची नक्कल करू नये, असे शक्तिमानाची भूमिका करणारे मुकेश खन्ना स्वतः पडद्यावर येऊन समजावत. आज पाहतानाही मोठ्या माणसाने शेजारी बसावे, विशेषतः मूल सहा वर्षांखालील असेल तर. आम्ही पहिल्याच दिवशी नियम केला की फिरायचे असेल तर मऊ मातीच्या परसात फिरायचे, ओटीवर किंवा विहिरीच्या कट्ट्याजवळ अजिबात नाही.

मला स्वतःला सर्वांत अधिक आवडला तो गंगाधर, म्हणजे शक्तिमानाचे साध्या माणसातले रूप. त्याचे पूर्ण नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. ‘आज की आवाज’ या वृत्तपत्रातील हा छायाचित्रकार, जाड चष्मा आणि पुढे आलेले दात घेऊन, इतकी शुद्ध हिंदी बोलतो की कार्यालयातील लोक गोंधळतात. आमच्या मुलांना मात्र त्याचे बरेचसे शब्द मराठीमुळे आधीच ठाऊक होते आणि त्याचा त्यांना अभिमान वाटला. वृत्तपत्रात काम करणारा साधा माणूस हे महानायकाचे दुसरे रूप असावे, ही कल्पना सुपरमॅनच्या क्लार्क केंटपासून चालत आलेली आहे. पण क्लार्क आपले सामर्थ्य झाकण्यासाठी बुजरा होतो, तर गंगाधर मनापासून आनंदी आणि बडबडा आहे. मुकेश खन्ना यांनी दोन्ही भूमिकांत आवाजाची पट्टी, चालणे आणि नजर इतकी वेगळी ठेवली आहे की, दोघे एकच आहेत हे ठाऊक असूनही भाची गंगाधराची वाट वेगळी पाहत असे.

पत्रकार गीता विश्वासची भूमिका सुरुवातीच्या भागांत किटू गिडवानी यांनी केली आणि नंतर वैष्णवी महंत यांनी. हा बदल मुलांना दोन दिवस खटकला, मग ती विसरली. टॉम ऑल्टर यांचे महागुरू मात्र कुणीच विसरणार नाही. त्यांचे स्वच्छ, ठाम उच्चार ऐकण्यासाठी माझे वडीलही पेपर बाजूला ठेवत.

‘अंधेरा कायम रहे’ म्हणणारा खलनायक तमराज किलविश सुरेंद्र पाल यांनी साकारला. दूरदर्शनवरील ‘महाभारत’ या मालिकेत मुकेश खन्ना भीष्म होते आणि सुरेंद्र पाल द्रोणाचार्य. माझ्या आजीने १९९७ मध्ये किलविशचा आवाज ऐकताच स्वयंपाकघरातून सांगितले होते, ‘अरे, ह्यो तर द्रोणाचार्य!’ त्या मालिकेत कौरवांच्या सैन्यात एकत्र उभे राहिलेले हे दोन ज्येष्ठ इथे प्रकाश आणि अंधार होऊन समोरासमोर येतात, हे मोठेपणी कळल्यावर दोघांच्या संवादफेकीतील जुगलबंदी अधिक गोड लागते.

भागाच्या शेवटी येणारे ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ हे छोटे प्रकरण कृपया वगळू नका. कचरा रस्त्यावर टाकणे, खोटे बोलणे, आळस करणे अशा घरातल्याच चुकांवर शक्तिमान मुलांशी बोलतो आणि मूल ‘सॉरी शक्तिमान’ म्हणते. त्याचा परिणाम इतका सरळ झाला की, आचऱ्याच्या किनाऱ्यावर बिस्किटाचा कागद टाकून पुढे गेलेली भाची दहा पावलांवरून परत फिरली, तो वाळूतून उचलून खिशात घातला आणि कुणी ऐकू नये इतक्या हळू आवाजात तिने ते दोन शब्द म्हटले. मी ऐकले.

एकामागून एक भाग पाहण्याचा प्रयोग आम्ही एका पावसाळी दुपारी केला आणि तो फसला. ही मालिका आठवडाभर वाट पाहणाऱ्यांसाठी बांधलेली असल्याने आधीच्या गोष्टी पुन्हा सांगितल्या जातात, प्रसंग लांबतात, आणि सलग पाहिल्यास तेच कंटाळवाणे होते. मध्ये एक दिवस गेला, मुलांनी पुढे काय होईल यावर ओटीवर वाद घातला, की तोच संथपणा हवासा वाटतो. २००५ पर्यंत चाललेल्या मालिकेतील सगळे भाग सारख्या ताकदीचे नाहीत; साधना, किलविश आणि गंगाधर यांच्याभोवतीचे सुरुवातीचे भाग मी निःसंकोच सुचवीन, उत्तरार्धातील भाग निवडून पाहावेत.

मुले जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. गणपतीत ती येतील तेव्हा दुसरा खलनायक डॉक्टर जॅकाल याचे भाग लावायचे आहेत. ती भूमिका करणाऱ्या ललित परिमू यांच्या ‘पॉवर’ या आरोळीसाठी माझा धाकटा भाऊही रत्नागिरीहून एक दिवस आधी येणार आहे.