तीनशे एकतीस इसाबेला : न्यूयॉर्कच्या बाळनावांच्या तक्त्याचे परीक्षण

न्यूयॉर्क शहरातील जन्मनोंदींवरून तयार केलेला ‘पॉप्युलर बेबी नेम्स’ हा तक्ता शहराच्या ओपन डेटा पोर्टलवर कोणालाही विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता येतो. त्यात रकाने सहाच आहेत : जन्मवर्ष, लिंग, आईचा वंशगट, बाळाचे नाव, त्या नावाच्या बाळांची संख्या आणि क्रमांक. नोंदी २०११ पासूनच्या आहेत. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, कुटुंबांत मुलींची कोणती नावे चालतात, हा प्रश्न घेऊन मी या तक्त्याकडे वळलो, कारण आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉमिनिकन (कॅरिबियनमधील डॉमिनिकन रिपब्लिकच्या) कुटुंबात दुसरी नात येऊ घातली होती आणि आजी व आई यांच्यात नावावरून तिढा पडला होता. आईच्या मनात इसाबेला होते. आजीचे म्हणणे असे की, बागेत उभे राहून त्या नावाने हाक मारली तर चार मुली वळून पाहतील. दोघींपैकी कोणाचे खरे, एवढेच मला पाहायचे होते.

कोणत्याही तक्त्याची पारख करायची तर ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा जागी तो आधी तपासावा. या कुटुंबातील थोरली नात २०११ मध्ये याच शहरात जन्मली आणि तिचे नाव हेली. म्हणून मी आधी २०११ चे वर्ष, स्त्रीलिंग आणि हिस्पॅनिक गट अशी निवड केली. हेली सापडली, मात्र एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी सापडली. एच-ए-आय-एल-ई-वाय अशा अक्षरांची हेली १२६ आणि तिचा क्रमांक आठवा. ‘आय’ गाळलेली हेली १४. शेवटी दोन ‘ई’ असलेली १७. आणि मधल्या ‘आय’च्या जागी ‘वाय’ असलेली, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, १३. देवनागरीत हे नाव मी चारही वेळा एकसारखेच लिहिले असते. कानालाही ते एकच आहे, आणि वर्गात बाईंनी हाक मारली तर चौघी एकदमच ‘ओ’ देतील. तक्ता मात्र त्यांना एकमेकींच्या परक्या समजतो. चौघींची बेरीज १७० होते. त्या बेरजेने हे नाव आठव्या क्रमांकावरून किती वर सरकले असते, हे मात्र इतर नावांचीही अशीच बेरीज केल्याखेरीज ठरत नाही, आणि ते काम तक्ता करत नाही. ते वापरणाऱ्याने स्वतः करायचे आहे.

हीच गोष्ट हायडीच्या बाबतीत अधिक गमतीची आहे. ‘आय’ने संपणारी, मूळ जर्मन वळणाची हायडी १५, आणि ‘वाय’ने संपणारी १६, मूळ रूपापेक्षा बदललेले रूप एकाने पुढे. परकी नावे घेऊन त्यांच्या शेवटी ‘वाय’ जोडण्याची आवड लॅटिन अमेरिकेत जुनी आहे, आणि ती न्यूयॉर्कमध्येही उतरली आहे हे या दोन आकड्यांतून सहज दिसते. दोन्ही मिळून ३१ होतात. त्याच वर्षी अस्सल स्पॅनिश ‘इसाबेल’ २८ आहे आणि ‘ग्वादालुपे’ २६. स्वतंत्र ओळी वाचणाऱ्याला वाटेल की हायडी या दोघींच्या मागे आहे. बेरीज करणाऱ्याला ती दोघींच्या पुढे दिसते.

आता इसाबेला. २०११ च्या हिस्पॅनिक मुलींत तिचा क्रमांक पहिला आणि संख्या ३३१. आजीचे म्हणणे सिद्ध झाले असे म्हणायला हरकत नाही. पण या नावाकडे जरा निरखून पाहिले तर एक विसंगती लक्षात येते. दोन ‘एल’ ही त्याची इटालियन ठेवण आहे. स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’ जोडून आले की त्यांचा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘य’च्या जवळ जातो, त्या नियमाने कोणी वाचले तर ‘इसाबेया’ होईल. म्हणून स्पॅनिश घरात हे नाव ‘इसाबेल’ किंवा एकाच ‘एल’चे ‘इसाबेला’ असे लिहिले जाते. तक्त्यात इसाबेल २८ वर आहे, आणि एका ‘एल’चे स्पॅनिश रूप ३३१ च्या कुठे आसपासही नाही. म्हणजे शहरातील हिस्पॅनिक मातांचे त्या वर्षीचे सर्वांत आवडते नाव स्पॅनिश लेखनाचे नव्हतेच. देशभराच्या यादीत इसाबेला २००९ आणि २०१० अशी दोन वर्षे पहिली होती, हे आठवले की उलगडा होतो : नाव असे हवे की जे आजीला स्पॅनिशमध्ये घेता येईल आणि शाळेत इंग्रजीतही कोणी अडखळणार नाही. जियाना (४९) आणि जिझेल (३८) यांचेही तसेच. स्पॅनिश नियमाने या दोन्ही नावांतील आद्याक्षराचा उच्चार ‘ह’ किंवा ‘ख’कडे झुकायला हवा, घरोघरी मात्र नाव घेतले जाते ते इटालियन किंवा फ्रेंच चालीवर. ही माहिती तक्ता आपणहून देत नाही, पण आकडे शेजारी ठेवले की ती त्यातून काढता येते, आणि माझ्या मते हाच त्याचा खरा उपयोग आहे.

तक्त्याचा हा भाग मी छापून खाली नेला तेव्हा आजींनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. स्पॅनिशमध्ये ‘एच’चा उच्चार होत नाही, त्यामुळे हेलन त्यांच्या तोंडी ‘एलेन’ झाली आणि हॅना ‘आना’. “ही तर आमचीच आना, हिला दोन्ही बाजूंना एवढी अक्षरे कशाला लावली?” असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. थोरल्या नातीच्या नावाला मात्र त्यांनी इंग्रजी ‘ह’ व्यवस्थित दिला. तेरा वर्षांहून अधिक सराव होता.

क्रमांकाच्या रकान्याविषयी वाचकाला सावध करणे आवश्यक आहे. समान संख्येच्या नावांना तक्ता एकच क्रमांक देतो, आणि पुढच्या संख्येला लगेच पुढचा क्रमांक देतो. मधले क्रमांक सोडत नाही. परिणाम असा की २०११ मध्ये जेराल्डिन, ‘वाय’वाली हेली आणि हेलन या तिघी १३ च्या संख्येवर ७५ व्या आहेत, हॅना आणि दोन ‘ई’वाली हेली १७ वर ७१ व्या आहेत, आणि हेझल १० वर ७८ वी. हेझलच्या वर ७७ नावे आहेत असा याचा अर्थ कोणी घेईल, पण नावे त्याहून पुष्कळ अधिक आहेत. यादीच्या खालच्या टोकाला तर संख्या आणि क्रमांक यांची बेरीज दरवेळी ८८ येते : इसाबेल २८ आणि ६०, ग्वादालुपे २६ आणि ६२, जिया २१ आणि ६७, जेराल्डिन १३ आणि ७५, हेझल १० आणि ७८. अर्थात या टप्प्यात क्रमांकाचा रकाना संख्येच्या रकान्याहून वेगळे काहीच सांगत नाही. एक बाळ कमी झाले की क्रमांक एकाने खाली जातो, इतकेच. तक्त्यासोबतच्या टिपेतही संख्या १० च्या जवळ असेल तर क्रमांक जपून वाचावा, तो दरवर्षी हलू शकतो, असे नमूद केले आहे. ती टीप प्रामाणिक आहे, पण नावे शोधायला बसलेली किती माणसे टिपा वाचतात? माझा सल्ला असा की क्रमांकाचा रकाना झाकून ठेवावा आणि संख्येकडेच पाहावे. पहिल्या क्रमांकाची ३३१ आणि आठव्याची १२६ यांच्यातील दरी क्रमांक सांगत नाही, संख्या सांगते.

दहापेक्षा कमी वेळा ठेवलेली नावे तक्त्यात नाहीतच, त्यामुळे दुर्मीळ नाव शोधणाऱ्याला येथे काही मिळणार नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाची, म्हणजे सामाजिक सुरक्षा खात्याची, देशव्यापी यादी या बाबतीत उदार आहे. ती पाच वेळा आलेले नावही दाखवते आणि १८८० पर्यंत मागे जाते. पण त्या यादीत वंशगटाचा रकाना नाही, त्यामुळे हिस्पॅनिक घरांपुरते उत्तर तिच्यातून काढता येत नाही. या एका कारणाने शहराचा छोटा तक्ता देशाच्या मोठ्या यादीपेक्षा माझ्या कामाला अधिक आला.

तरीही ‘हिस्पॅनिक’ या एका रकान्यात किती घरे कोंबली आहेत याची जाणीव ठेवावी लागते. न्यूयॉर्कमध्ये त्यात प्वेर्तो रिकोचे लोक येतात, डॉमिनिकन येतात, मेक्सिकन, एक्वादोरी, कोलंबियन येतात, आणि त्यांच्या नावांच्या परंपरा एक नाहीत. ग्वादालुपेच्या त्या २६ मुलींचेच पाहा. १५३१ मध्ये तेपेयाकच्या टेकडीवर येशूच्या आईने, मारियेने, ग्वादालुपे या रूपात दर्शन दिले अशी मेक्सिकन श्रद्धा आहे, तिचा सण १२ डिसेंबरला असतो, आणि त्या नावाची मुलगी घरात लुपे किंवा लुपिता होते. डॉमिनिकन घरात तीच जागा अल्ताग्रासियाची आहे. तिचा सण २१ जानेवारीला आणि तिचे स्थान इग्वेइ गावी. दोघी मारियाच, पण एकीचे नाव दुसरीच्या घरी सहसा ठेवले जाणार नाही. तक्ता वाचून एखादी डॉमिनिकन आई ‘आपल्या लोकांत ग्वादालुपे बरेच दिसते’ असे समजली तर तो तिचा दोष नाही. शिवाय गट ठरतो तो आईवरून. वडील प्वेर्तो रिकोचे आणि आई हिस्पॅनिक नसेल, तर आजोळाकडच्या रकान्यात ते बाळ गेले आणि आपल्या यादीतून निसटले.

स्वरचिन्हांचा प्रश्न वेगळाच. स्पॅनिशमध्ये सोफियाच्या ‘आय’वर तिरकी रेघ असते आणि तिथेच आघात पडतो, तक्त्यात नावे नुसत्या इंग्रजी अक्षरांत आहेत. हे केवळ न्यूयॉर्कपुरते नाही. कॅलिफोर्नियात १९८६ च्या मतदानाने इंग्रजी अधिकृत भाषा ठरल्यानंतर कित्येक वर्षे जन्मदाखल्यावर इंग्रजीच्या २६ अक्षरांपलीकडचे चिन्ह चालत नसे, आणि ज्यांच्या नावात ‘न्य’चे अक्षर होते त्यांना साध्या ‘न’वर भागवावे लागे. रेघ गेली की सोफिया हे नाव इटालियनही होते आणि स्पॅनिशही, आणि मोजणाऱ्याला फरक उरत नाही. ‘पीएच’ची सोफिया मात्र तक्त्याच्या लेखी तिसरीच कोणी.

फाइलच्या स्वच्छतेबद्दल थोडक्यात. २०१२ च्या ओळींत वंशगटांची लांब नावे मध्येच तुटलेली आहेत. ‘हिस्पॅनिक’ हा शब्द आखूड असल्यामुळे वाचला. सुरुवातीच्या वर्षांतील नावे सगळी मोठ्या लिपीत आहेत आणि नंतरच्या वर्षांत केवळ पहिले अक्षर मोठे, त्यामुळे संगणकाने जुळवणी करताना आधी सर्व एका लिपीत आणावे लागते. काही ओळी फाइलमध्ये पुन्हा पुन्हा येतात. सरसकट बेरीज करणाऱ्याची इसाबेला ३३१ वर थांबणार नाही, ती दुपटी-तिपटीने फुगेल, तेव्हा पुनरावृत्त ओळी आधी काढाव्यात. ज्याला तक्ते हाताळण्याची सवय आहे त्याला ही अर्ध्या तासाची कामे आहेत. ज्याला नाही, त्याने पोर्टलवरच वर्ष, लिंग आणि गट निवडून दिसेल ते वाचावे आणि बेरजा हाताने कराव्यात.

एखादे नाव किती घरांत पोहोचले आहे हे जाणून घ्यायचे असेल तर या तक्त्याइतके नेमके साधन मला दुसरे आढळले नाही, आणि त्यासाठी मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देतो. नाव सुचवून घेण्यासाठी त्याच्याकडे जाऊ नये. नावाचा अर्थ, संताचा दिवस, लाडाचे रूप, पणजीची आठवण यांतले काही तिथे नाही, आणि तसा दावाही त्याने केलेला नाही.

खालच्या मजल्यावर शेवटी तडजोड झाली. आईने दुसरा ‘एल’ आणि शेवटचा ‘ए’ सोडला, आजींनी इसाबेल मान्य केले, आणि त्या बदल्यात मधले नाव अल्ताग्रासिया असावे असा हट्ट धरून तो पुरा करून घेतला. मुलगी आता सात महिन्यांची आहे. आजी तिला इसाबेल म्हणत नाहीत, तातीच म्हणतात. तक्त्यात मधल्या नावाला रकाना नाही आणि हाकेच्या नावालाही नाही.