छताचा लाइट दुरुस्त करणाऱ्या कर्वेनगरमधील वायरमन सेवेबद्दल

पुण्यातील कर्वेनगर परिसरात घरी येऊन विजेची छोटी-मोठी कामे करून देणाऱ्या एका दुकानाच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. दुकान लहान आहे, मालक आणि त्यांचा एक मदतनीस असे दोघेच काम पाहतात, आणि ओळखीबाहेरची कामे झेपत नसल्यामुळे नाव देऊ नये अशी त्यांची विनंती आहे. तरीही सविस्तर लिहीत आहे, कारण बिघाड शोधण्याची त्यांची रीत अशी आहे की, वायरमन कोणताही असो, त्याचे काम त्या रीतीवर पारखून पाहता येईल.

आमच्या हॉलमध्ये पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये १२ वॉटचे चार एलईडी पॅनेल लाइट बसवलेले आहेत. त्यांपैकी जेवणाच्या टेबलावरचा लाइट, ज्याचे बटण स्वतंत्र आहे, संध्याकाळी लावला की थोडा वेळ नीट चाले, मग लुकलुकू लागे, विझे आणि थंड झाल्यावर आपोआप पुन्हा लागे. शिवाय रात्री बटण बंद केल्यावरही तो मिणमिणत राही. सुरुवातीला आम्ही मोबाइलवरून सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावला होता. त्याने बटण दोनदा खाली-वर केले, घोड्यावर न चढता चारही लाइट बदलावे लागतील असे सांगितले आणि तपासणीचे पैसे घेऊन तो गेला. लाइट का विझतो, या प्रश्नाला त्याच्याकडे ‘जुने झाले’ याहून वेगळे उत्तर नव्हते.

दुकानाचे मालक आले तेव्हा त्यांनी हत्यारांची पिशवी उघडण्याआधी प्रश्न विचारले. लाइट विझतो तेव्हा पंखा हळू होतो का, बाकीचे लाइट मंद होतात का, वरच्या फ्लॅटचे बाथरूम याच जागेवर आहे का, पावसाळ्यात इथे ओल दिसते का? प्रत्येक प्रश्नामागे कारण होते. घरातील सगळेच दिवे एकदम मंद किंवा प्रखर होत असतील, तर दोष पुरवठ्यात किंवा ढिल्या झालेल्या न्यूट्रलमध्ये, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेत, असू शकतो, आणि तसे असेल तर लाइट बदलण्यात अर्थ नसतो. स्लॅबमधून पाइपात पाणी झिरपत असेल, तर नवी फिटिंगही टिकत नाही. दोन्ही शक्यता आमच्या उत्तरांवरून मागे पडल्या, तरी त्यांनी बोर्डावर मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजलेच. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि त्यात ६ टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट, चालते. आमचे माप त्या मर्यादेत होते. मी नवा लाइटच बसवण्याचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “ताई, नवीन लाइट आत्ता लावून देतो, पण बिघाड वायरीत असला तर महिन्याभरात तोही जाईल.”

यानंतरची त्यांची तपासणी मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पॅनेल लाइटमध्ये दोन भाग असतात. एक म्हणजे एलईडी बसवलेली गोल चकती, आणि दुसरा म्हणजे छताच्या पोकळीत राहणारा ड्रायव्हर, जो २३० व्होल्टचा एसी पुरवठा एलईडीला लागणाऱ्या कमी व्होल्टेजच्या डीसी प्रवाहात बदलतो. त्यांनी आधी फक्त चकत्यांची अदलाबदल केली: बिघडलेल्या जागेची चकती शेजारी आणि शेजारची चकती इथे. दोन्ही लाइट चालू ठेवून ते थांबले, आणि तेवढ्या वेळात मदतनीसाने बोर्डातील ढिले स्क्रू आवळून घेतले. लुकलुकणे जुन्याच जागी सुरू झाले, म्हणजे चकती निर्दोष ठरली. मग ड्रायव्हरची अदलाबदल केली, आणि या वेळी लुकलुकणे ड्रायव्हरबरोबर शेजारी गेले. मिणमिणणे मात्र मूळ जागीच राहिले. एकाच लाइटच्या या दोन तक्रारी प्रत्यक्षात दोन वेगळे बिघाड होते, हे आमच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाले.

बिघडलेला ड्रायव्हर उघडून त्यांनी आतला कपॅसिटर दाखवला. त्याचे सपाट असायला हवे ते डोके फुगून वर आले होते. सतत उष्णता लागली की अशा कपॅसिटरमधील द्रव सुकत जातो, प्रवाह स्थिर राहत नाही आणि प्रकाश लुकलुकतो. उष्णतेचे कारणही सापडले: मूळ काम करणाऱ्याने ड्रायव्हर चकतीच्या तापणाऱ्या पाठीवरच टेकवून ठेवला होता. नवा ड्रायव्हर घेताना फक्त वॉट जुळवून भागत नाही, त्यावर छापलेले मिलिअँपिअरही जुळावे लागतात, कारण जास्त प्रवाह मिळाला तर एलईडी लवकर जळतात. आमच्या ड्रायव्हरवर ३०० मिलिअँपिअर होते. दुकानात तसा नसल्यामुळे त्यांनी दुसऱ्या दिवशी तो तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारातून, आणला आणि बसवताना चकतीपासून दूर सरकवला.

मिणमिणण्याचे कारण अधिक गंभीर निघाले. बटण बंद असताना ड्रायव्हरकडे येणाऱ्या तारेला टेस्टर लावला, तर तो पेटला. बोर्ड बदलताना कोणीतरी या लाइटच्या फेज (वीज आणणारी जिवंत तार) आणि न्यूट्रलची अदलाबदल केली होती, त्यामुळे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत होते आणि छतात फेज कायम जिवंत होती. अशा वेळी तारांतून आणि फिटिंगमधून अगदी थोडा प्रवाह वाट काढत राहतो आणि तेवढ्यावर एलईडी मिणमिणतो. बटणात इंडिकेटरचा छोटा दिवा असला तरी असे होऊ शकते, पण आमच्या बटणात तो नव्हता. बटण बंद आहे म्हणून निर्धास्तपणे हात घालणाऱ्या माणसाला इथे जबर शॉक बसला असता, आणि हे लक्षात आल्यावर ‘चारही बदला’ या आधीच्या सल्ल्याचा मला खरोखर राग आला, कारण नवे लाइट बसवूनही हा धोका जागच्या जागी राहिला असता. मालकांनी एमसीबी, म्हणजे त्या भागाचा वीजपुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच, बंद केला, टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासला, मग कामाच्या जागी लावला आणि नंतरच तारा सोडवल्या. छतातील पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड काढून तिथे कनेक्टर बसवले.

काम स्वच्छ होते. चकती काढताना तिच्या दोन्ही स्प्रिंग एकदम सुटल्या की पीओपीची कड तुटते; त्यांनी अंगठ्यांनी स्प्रिंग दाबून धरत चकती खाली घेतली, आणि टेबलावर आधीच वर्तमानपत्र पसरले होते.

उणिवाही सांगायला हव्यात. दिलेली वेळ त्यांनी दोन्ही दिवशी पाळली नाही आणि उशीर होणार असल्याचे कळवलेही नाही, ही नोकरी करणाऱ्या माणसासाठी मोठी अडचण आहे. बिल मागितल्यावरच मिळाले, आणि ड्रायव्हरची वॉरंटी मी आग्रह धरला म्हणून त्यावर लिहून दिली. दुकान जुने आहे, ग्राहक विश्वासाने येतात, हे खरे असले तरी कागद स्वतःहून द्यायला हवा.

तपासणी, ड्रायव्हर, कनेक्टर आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले. त्यातील तपासणीची रक्कम बिलात वेगळी दाखवली होती आणि काम न केल्यास तेवढीच द्यावी लागेल, हे फोनवरच स्पष्ट केले होते. हे पैसे मी आनंदाने दिले, आणि घरातील उरलेल्या बोर्डांची फेज-न्यूट्रल तपासणीही त्यांच्याकडेच सोपवली आहे.