गाभण म्हणून घेतलेल्या तीन कालवडी

जनावरांच्या व्यवहारात फसवणूक दुधावर होते, असा सगळ्यांचा समज असतो. दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवायची, धार काढण्याआधी इंजेक्शन टोचायचं, शिंगं तासून तेल लावायचं, हे प्रकार आता सगळ्यांना माहीत आहेत आणि बाजारात जाणारा माणूस तेवढं बघूनच जातो. गाभण कालवडीत मात्र बघायला दूधच नसतं. विकणारा जो महिना सांगेल तो महिना. आम्हाला तिथेच गाठलं.

सांगोल्याकडच्या आमच्या गोठ्याचा हिशेब साधा आहे. कालवडी वाढवायच्या, गाभण करून घ्यायच्या आणि व्यायला झाल्या की पहिलारू, म्हणजे पहिल्या वेताच्या, म्हणून विकायच्या. घरच्या गाईची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीची कालवड जन्मल्यापासून व्यायला निदान सव्वादोन-अडीच वर्षं जातात. तेवढा काळ पेंड, मुरघास, औषधपाणी सगळं खिशातून. म्हणून मधे मधे सहा-सात महिन्यांच्या गाभण कालवडी विकत आणून दोन-तीन महिने सांभाळायच्या आणि व्यायल्यावर दुधासकट द्यायच्या, असं आमच्याकडे बरेच जण करतात. हे हेड्यांना, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यांना, चांगलं माहीत असतं. सातव्या महिन्याच्या कालवडीला चौथ्या महिन्यापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो, त्यामुळे महिने वाढवून सांगण्यातच त्यांचा नफा असतो.

आम्ही ज्याच्याकडून घेतल्या, त्याचा हमरस्त्याला मोठा शेड आहे. ‘पंजाबची गाडी उतरली’ म्हणून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतात. अंगाने भरलेल्या, काळ्या-पांढऱ्या, न्हाऊ-माखू घातलेल्या कालवडी एका ओळीत. तीन पसंत केल्या, प्रत्येकी ८५ हजार, तिन्ही सात महिन्यांच्या म्हणून. आम्ही तपासणीचं विचारलं, तर शेडवर हजर असलेला एक माणूस खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून पुढे आला. सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते. त्याने एकेकीला हात घातला आणि तिन्हींना ‘सात’ म्हणाला. त्याच्या सहीचा कागद मागितला, तर हेडी म्हणाला, “वैनी, जनावर कधी खोटं बोलतंय का? मी गॅरंटी देतोय ना. रिकामी निघाली तर गाडी पाठवून घेऊन जातो.” हेच त्याने नंतर आवाजी मेसेजवरही सांगितलं, आणि पुढे आमच्या उपयोगाला आलं ते तेवढंच.

कालवडी घरी आल्यावर तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावलं. टॅगची नोंद आमच्या नावावर करून घ्यायची होती. राज्यात २०२४ च्या जूनपासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे तिघींच्याही कानात पिवळे बिल्ले होते. साहेबांनी एकीचा बारा आकडी नंबर ‘भारत पशुधन’ या सरकारी ऑनलाइन नोंदीत टाकला, तर समोर आली तांबड्या रंगाची, तीन वेतं झालेली, म्हणजे तीनदा व्यालेली गाय. मग त्यांनी कान हातात धरून उजेडात उलटा केला. बिल्ल्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर, अर्धवट बुजलेलं दुसरं भोक होतं. जुना बिल्ला काढून दुसऱ्याच जनावराचा तिथे बसवला होता. टॅग आहे म्हणजे कागद पक्का, असं मानणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. नंबर विकणाऱ्याच्या शेडवरच, पैसे देण्याआधी तपासून घ्या, आणि रंग, वय, वेत जुळतंय का ते बघा.

त्याच कालवडीला साहेबांनी हात घातला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ती गाभण नव्हती. कधी होणारच नव्हती. गोऱ्ह्याच्या जोडीने जुळी जन्मलेली कालवड होती ती. गाईच्या पोटात गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी असली की दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याच्या अंगातली संप्रेरकं (हार्मोन) कालवडीकडे जातात आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. अशा शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडी वांझ निघतात. जुन्या माणसांना हे माहीत असतं, म्हणून शेतकरी असली कालवड लहानपणीच मिळेल त्या किमतीला काढून टाकतो. ती कुठे जाते, हे आम्हाला आता कळलं.

ती माजावर येत नाही, आणि हीच गोष्ट तिला विकताना पुरावा म्हणून दाखवली जाते. “दोन महिने बांधलीय, एकदा तरी ओरडली का? गाभणच आहे.” खायला मुबलक असल्याने अंग गोल होतं. कास नाही म्हणावं, तर पहिलारू आहे, शेवटच्या महिन्यात धरेल, हे उत्तर तयार. त्यातली एकेक गोष्ट खरी वाटते, कारण निरोगी गाभण पहिलारूतही तसंच दिसतं.

अशा जनावराचं पुढे करायचं काय? राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होती आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू-बैलांनाही लागू झाली. म्हणजे वांझ कालवड फक्त पोसायची, नाहीतर गोशाळेला द्यायची. आमची ती आजही दावणीला आहे. मुक्या जनावराचा यात काही दोष नाही, पण महिन्याचा खर्च तर होतोच, आणि हेड्याने फोन घेणं बंद केलं.

तरीही हे नुकसान सोसण्यासारखं होतं. खरा घाव दुसरीने घातला.

दीड महिना उलटल्यावर तिने पहाटे गाभ टाकला. वासरू पूर्ण घडलेलं होतं, अंगावर केसही आलेले. वार पडली नव्हती. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यभर जसं केलं तसंच केलं. बाह्या वर सारल्या आणि उघड्या हाताने वार ओढून काढली. मेलेलं वासरू त्यांनीच उचलून नेलं. नंतर हात साबणाने धुतले आणि धारेला बसले.

काही आठवड्यांनी त्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. रात्री अंथरूण भिजेपर्यंत घाम, सकाळी बरं, परत दिवेलागणीला ताप. कंबर आणि गुडघे इतके धरायचे की दावणीपर्यंत जाणं होईना. पहिल्या दवाखान्यात टायफॉइड म्हणून उपचार झाले. गुण येईना. शेवटी एका डॉक्टरांनी घरी जनावरं आहेत का, कुणी गाभडलं का, असं विचारलं आणि रक्ताची वेगळी तपासणी केली. ब्रुसेलोसिस, जनावराचा गाभ पाडणारा आणि त्याच्यापासून माणसालाही होणारा रोग. सहा आठवडे रोज गोळ्या, जोडीला इंजेक्शनं. अण्णा आता हिंडूफिरू लागलेत, पण सांधे अजून दुखतात.

साहेबांनी गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचं रक्त घेऊन पुण्याला औंधच्या रोगअन्वेषण विभागात पाठवलं. गाभडलेली कालवड बाधित, तिच्या शेजारी बांधलेली घरची गाय बाधित. त्या गाईनेही आठव्या महिन्यात गाभ टाकला. ती आमच्या गोठ्यातली सगळ्यात गुणी गाय होती, तिच्या तीन कालवडी आम्ही घरात वाढवल्या होत्या. हा रोग जनावरातून औषधाने जात नाही. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्यात तो कळवायचा रोग आहे, आम्ही कळवला आणि बाधित जनावरं वेगळी बांधली. एका दलालाने सुचवलं की लांबच्या बाजारात नेऊन विका, कुणाला कळतंय. आमच्यापर्यंत तो रोग असाच कुणीतरी विकला असणार. आम्ही विकली नाहीत.

तिसरी कालवड रोगापासून वाचली. सात महिन्यांची म्हणून घेतली होती, व्यायली तेव्हा हिशेब केला तर आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती. तीन महिन्यांचा जादा खुराक आणि वाढीव किंमत, दोन्ही गेलं.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवत होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लेखी अर्ज देऊन पोच घेतली. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. जनावर धंद्यासाठी घेतलं म्हणून ग्राहक नाही, असं समोरचा म्हणतोच. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या कष्टाच्या रोजीरोटीसाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. व्यवहार पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

वकिलांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं ते प्रत्येक गोठ्यात पोचावं असं मला वाटतं. वांझ कालवडीचा दावा भक्कम आहे, कारण तो दोष जन्माचा आहे, आमच्याकडे आल्यावर झाला असं कुणी म्हणू शकत नाही. ब्रुसेलाचा दावा मात्र लंगडा आहे. हेड्याने उत्तरात लिहिलंय की रोग आमच्याच गोठ्यातला आहे, त्याचं जनावर इथे येऊन बाधलं. कालवडी उतरवल्या त्या दिवशीचं रक्त तपासलेलं असतं, तर त्याला हे लिहिता आलं नसतं. बाजार समितीच्या आवारात सौदा झाला असता तर निदान पावतीवर त्याचं नाव असतं. शेडवरच्या व्यवहाराला तेही नाही. त्याचा तो आवाजी मेसेज आणि बँकेतून गेलेले पैसे, एवढाच काय तो पुरावा.

आता आमच्याकडे बाहेरचं जनावर येण्याआधी आमचे डॉक्टर तिथे जातात, हात घालतात आणि रक्त घेतात. रिपोर्ट येईपर्यंत इसार नाही. विकणारा म्हणतो तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल. नेऊ दे. गाडीभाडं आणि तपासणी धरून जो खर्च येतो तो एका गाभाच्या किमतीपुढे काहीच नाही. घरच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घेतो. ती फक्त मादी वासरांना, आयुष्यात एकदाच आणि त्याच वयात द्यायची असते. सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते, तरी वय टळून गेल्यावर आठवण होणारे कितीतरी आहेत.

गेल्या काही महिन्यांत ज्यांनी गाडीतून उतरवलेल्या गाभण कालवडी घेतल्या असतील, त्यांनी व्यायची वाट बघू नका. या आठवड्यात दवाखान्यात जाऊन रक्त तपासायला द्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत ती दावण वेगळी ठेवा. कुणी गाभडलंच तर वारेला उघडा हात लावू नका, मेलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. दूध उकळल्याशिवाय लहान मुलांना देऊ नका. आणि घरात कुणाला संध्याकाळचा ताप येत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगा की गोठ्यात जनावर गाभडलंय.